दुपारचा अर्धा तास

१८८४ साली मुंबईतल्या सुमारे ५,५०० गिरणी कामगारांनी एका अर्जावर सह्या केल्या. अर्ज कारखाना आयोगापुढे ठेवायचा होता. तो तयार करण्यामागे होते नारायण मेघाजी लोखंडे, ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक आणि जोतीराव फुल्यांचे सहकारी. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा, अशा त्या मागण्या होत्या. त्यांतच आणखी एक होती : दुपारी अर्धा तास काम बंद राहावं.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली होती. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं लोक गिरणीत राबत होते आणि जेवायची म्हणून वेळ ठरलेली नव्हती. यंत्रं सकाळी सुरू झाली की उजेड असेतोवर चालत. शेजारच्याला आपल्या यंत्राकडे लक्ष ठेवायला सांगायचं आणि जमेल तेव्हा, जमेल तिथे, हवेतल्या कापसाच्या तुसातच चार घास पोटात ढकलायचे. लोखंड्यांच्या प्रयत्नांना यश येऊन १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. ती गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असते. त्यापुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्याने, बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवणं बंधनकारक केलं. ही गोष्ट मात्र कुणी फारशी सांगत नाही. मला ती रविवारइतकीच मोलाची वाटते. रविवारी माणूस घरच्यांबरोबर जेवतो. कामाच्या दिवशी, जे आपले कुणी लागत नाहीत अशांच्या शेजारी बसून जेवायची सोय या अर्ध्या तासाने केली.

डबा उघडायचा, शेजारच्याच्या डब्यात डोकवायचं, “काय आणलंयस आज?” म्हणून विचारायचं, आपल्यातली भाजी त्याच्या झाकणात वाढायची. ही देवघेव आपल्याला श्वास घेण्याइतकी सहज वाटते. पण हे आपोआप झालेलं नाही. वेळ मागून घ्यावी लागली. शेजारी कुणी बसायचं यासाठी तर त्याहून मोठी झुंज द्यावी लागली, आणि ती अजून संपलेली नाही.

गिरणीत काम करणारा माणूस बहुतेक वेळा मुंबईत एकटा असे. बायको-मुलं रत्नागिरीकडे, साताऱ्याकडे, घाटावर कुठेतरी. तो गावच्या माणसांबरोबर चाळीतल्या एका खोलीत राहायचा. एकाची पाळी संपून तो झोपायला आला की दुसरा कामावर निघायचा. या माणसांना जेवू घालत होत्या लालबाग-परळच्या खाणावळवाल्या बाया. स्वतःच्याच दहा बाय दहाच्या खोलीत चूल, तिथेच पंगत, आणि गिरणीच्या पाळीप्रमाणे भरून ठेवलेले डबे. हिशेब महिन्याचा. पगार झाला की पैसे. मधल्या काळात रेशन आणायचं ते उधारीवर किंवा सावकाराकडून कर्ज काढून, आणि त्याचं व्याज कमाईतला मोठा वाटा खाऊन टाकी. संप झाला की कामगाराचा पगार थांबे, पण त्याची भूक थांबत नसे, आणि खाणावळवालीला आपल्या माणसांना “जेवायला येऊ नका” म्हणणं जमत नसे. १९७४ च्या गिरणी संपात या बायांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः कर्जात बुडाल्या. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या, गिरणगावात कामगार चळवळीत वावरणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिलं. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून या बायांना थोडं थोडं कर्ज मिळवून दिलं. गहाण ठेवायला कुणाकडे काही नव्हतं, म्हणून गटातल्या बाया एकमेकींना जामीन राहिल्या.

गिरणगावावर पुष्कळ लिहिलं गेलं. पुढारी, संप, टाळेबंदी, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो शेवटचा मोठा संप, हे सगळं नोंदलं गेलं. रोज दुपारी गिरणीच्या दारापर्यंत पोचणाऱ्या त्या डब्यांची नोंद फार थोड्यांनी घेतली. खरं तर अडीच लाख माणसांचं शहर त्या डब्यांवर चालत होतं.

आता शेजारी कुणी बसायचं ते पाहू. इथे जरा थांबायला हवं.

आपल्याकडे सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरात काला होतो. वारकऱ्यांची वारी त्याशिवाय पुरी होत नाही. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. गाई चारायला गेलेली पोरं दुपारी झाडाखाली बसतात, प्रत्येक जण आपापली शिदोरी सोडतो, कृष्ण ती सगळी एकत्र कालवतो आणि सगळ्यांना वाटतो. कुणाचं चांगलं, कुणाचं शिळं, हा भेदच उरत नाही. माझ्या मते कामावरच्या जेवणाचं याहून सुंदर चित्र कुठल्याच भाषेत नसेल, कारण ती पोरं कामावरच होती. गाई राखणं हे त्यांचं काम होतं आणि काला ही त्यांची मधली सुट्टी होती. शेकडो वर्षं हे कीर्तन ऐकलेला समाज रोजच्या दुपारी मात्र कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या पंक्तीला बसायचं, याचे कडक नियम पाळत आला.

ते नियम मोडण्याचा एक जुना प्रयत्न मुंबईत झाला. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा स्थापन केली. सभा गुप्त होती. जातिभेद मानत नाही हे नव्या सभासदाला बोलून नव्हे, खाऊन दाखवावं लागे. ख्रिस्ती भटारखान्यातल्या पावाचा तुकडा खायचा, की झाला तो सभासद. आज ज्या पावात वडा घालून सगळी मुंबई खाते, त्याच पावाचा एक तुकडा तेव्हा माणसाला जातीबाहेर टाकायला पुरेसा होता. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला जाऊन नावं बाहेर फुटली, तेव्हा सभाच मोडली. एवढे शिकले-सवरलेले, पुढे मोठी नावं झालेले लोक पावाच्या तुकड्यापायी घाबरले, यावरून त्या तुकड्याचं वजन ध्यानात येतं.

गिरणीतलं उदाहरण याहून बोचरं आहे. विणकाम खात्यात पगार जास्त मिळे, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. कारण धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून बाहेर काढावं लागे. धोटा हातोहात फिरणार, एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, ते सवर्ण विणकरांना चालत नव्हतं. उष्ट्याचा नियम असा जेवणाच्या ताटावरून यंत्रावर पोचला आणि हजारो माणसांच्या मिळकतीवर बसला. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला : मालकाकडे हक्क मागता, तर विणकाम खात्याची दारं या कामगारांनाही उघडा.

पुण्यात हमालांबरोबर काम करणाऱ्या बाबा आढावांनी हे दोन्ही धागे एकत्र धरले. एका बाजूला ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत ते गावोगाव हिंडले. दुसऱ्या बाजूला हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. हमाल, रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर, परगावाहून आलेले विद्यार्थी, सगळ्यांना ना नफा ना तोटा या हिशेबाने पोटभर जेवण मिळू लागलं. दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसाला स्वस्त खायला मिळालं, ही गोष्ट मोठीच. पण तिथे बाकावर बसलेल्याला शेजारच्याची जात विचारायचं कारण उरलं नाही, ही मला त्याहून मोठी वाटते. जेवणाच्या जागेची रचना अशी करता येते की भेद करायला वावच राहत नाही. आणि उलटही करता येते. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहात शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी काही टेबलं वेगळी ठेवली गेली, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी निषेध केला. टेबलाची गोष्ट लहान वाटते, पण वरची दीडशे वर्षं डोळ्यांपुढे ठेवली तर त्या मुलांना एवढा राग का आला ते कळतं.

या इतिहासाच्या उजेडात आपल्या कचेऱ्यांतला डबा पाहिला की त्यातले बारीक बारीक शिष्टाचार निराळे दिसू लागतात. पहिला नियम : आधी काढायचं, मग खायचं. डबा उघडल्याबरोबर, स्वतः घास घेण्याआधी, शेजारच्याच्या झाकणात वाढायचं. चमचा भाजीत जातो तो कोरडा, वाढण्यापुरता. उष्ट्याचा जो नियम एके काळी माणसं दूर ठेवायला वापरला गेला, तोच इथे माणसं जवळ आणायला वाकवला गेला आहे. उष्टं द्यायचं नाही म्हणून आधी द्यायचं, आणि आधी द्यायचं म्हटलं की स्वतःपुरतं पाहायच्या आत दुसऱ्याचा विचार करणं आलंच. दुसरा नियम : दिलं तर नाही म्हणायचं नाही, निदान एक घास तरी घ्यायचा. तिसरा कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळे पाळतात. ज्याने डबा आणला नाही त्याला “तू डबा का नाही आणलास?” असं विचारायचं नसतं. सरळ त्याच्यापुढे झाकण सरकवायचं. महिनाअखेर असेल, घरात आजारपण असेल, बायको माहेरी गेली असेल. कारण त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.

आणि डबा उघडा असताना कुणी जवळून गेलं तर “या जेवायला” म्हणायचं. शेताच्या बांधावर भाकरी सोडून बसलेला माणूस वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हे म्हणतो. जाणाऱ्याने “चालू द्या, चालू द्या” म्हणून पुढे जायचं असतं, हे दोघांनाही ठाऊक असतं. तरी म्हणायचं. आणि खरोखर कुणी बसलाच, तर भाकरीचे दोन तुकडे होतात, कांदा बुक्कीने फुटतो, ठेचा भाकरीवरच वाढला जातो. शेतावर हे वाटून खाणं कामाच्या रीतीतच मुरलेलं होतं. इर्जिक घातली की गावातले लोक आपापली औतं घेऊन एकाच्या शेतावर राबायला येत. त्याची मजुरी नसे. ज्याचं शेत त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि पुढे दुसऱ्याच्या शेतावर आपलं औत घेऊन जायचं. भाताच्या लावणीत चिखलात वाकून पाठी मोडलेल्या बाया दुपारी बांधावर बसतात तेव्हा एकीचं सुकट, दुसरीची चटणी, तिसरीचं कालवण असं करून जेवण पुरं होतं. प्रत्येकीने एकेकच पदार्थ आणलेला असतो. सगळ्या मिळून बसल्या म्हणून त्याचं ताट होतं.

डब्याची स्वतःचीही एक विद्या आहे, आणि ती ज्या हातांना येते त्यांना तिच्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं. सकाळी सहाला केलेलं दुपारी एक वाजता खायचं, मधले सात तास बंद डब्यात आणि बहुधा उन्हात, एवढी एकच अट आहे. पण तिच्यामुळे सगळा स्वयंपाक बदलतो. पोळ्या गरम असताना डब्यात घातल्या तर वाफ धरते आणि खालच्या पोळ्या ओल्या होतात. म्हणून आधी निवू द्यायच्या, मग फडक्यात गुंडाळायच्या. ओलं खोबरं घातलेली उसळ उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबते, म्हणून डब्याच्या उसळीला सुकं खोबरं किंवा दाण्याचं कूट. भाजी कोरडी किंवा अंगासरशी. रस्सा हवाच असेल तर त्याला घट्ट झाकणाचा वेगळा डबा. जुन्या पितळी डब्यांना कल्हई लागे, नाहीतर आंबट वरण-ताक कळकून जाई. स्टीलचे डबे आले आणि ती काळजी मिटली, चिंच-आमसूल घातलेली आमटी बिनघोर डब्यात जाऊ लागली.

यात सगळ्यांत हुशारीचा पदार्थ दहीभात. नवखा माणूस सकाळी भातात दही कालवतो आणि दुपारी तो आंबट ढाण निघतो. मुरलेली गृहिणी कोमट भातात दूध घालते आणि विरजणापुरतं चमचाभर दही. दह्यातले जिवाणू कोमट दुधात जोमाने वाढतात, दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, आणि सात तासांनी डबा उघडतो तेव्हा दही नुकतंच लागलेलं असतं, गोडसर आणि ताजं. हा डबा वाटेत शिजत जातो. त्यात मोहरी-सांडगी मिरचीची फोडणी असेल तर तो संपूर्ण खायला मिळण्याची आशा आणणाऱ्याने धरू नये. त्यातला निम्मा तरी शेजाऱ्यांच्या झाकणांत जातो.

मुंबईत हे डबे पोचवण्याची व्यवस्था १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली असं डबेवाले सांगतात. करोनाच्या साथीपूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज सुमारे दोन लाख डबे पोचवत. साथीनंतर ही संख्या बरीच घटली. बहुतेक जण मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतले, आणि बहुतेक वारकरी. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे सांगतात की डबा कुठल्या स्थानकावर उतरायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर जायचा. वाटेत तो चार-पाच हातांतून जातो. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेने २०१० मध्ये त्यांच्यावर अभ्यास-प्रकरण लिहिलं आणि त्यांच्या अचूकतेचं जगभर कौतुक झालं. ते कौतुक रास्तच आहे. पण मला त्यांच्या दिवसातला दुसरा एक भाग अधिक सांगावासा वाटतो. एक वाजेपर्यंत सगळे डबे पोचते झाले की हे लोक स्थानकाजवळ, एखाद्या इमारतीच्या आडोशाला, एकत्र बसतात आणि आपापले डबे सोडतात. एकाच गटातले, बऱ्याचदा एकाच गावचे. भाकरी, पोळी, मेथी, बटाटा, लसणीची चटणी मध्ये ठेवली जाते आणि सगळ्यांचे हात सगळ्या डब्यांत जातात. मग रिकामे डबे गोळा करायला उठायचं. शहराला जेवू घातल्यावरच हा वेळ मिळतो.

वाटून खाल्ल्याने माणसं जवळ येतात हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. अलीकडे ते तपासूनही पाहिलं गेलं आहे. केटलिन वुली आणि आयेलेट फिशबाख या दोन अभ्यासक स्त्रियांनी अमेरिकेत केलेले प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी माणसांच्या जोड्या केल्या. एकाला व्यवस्थापनाचा प्रतिनिधी केलं, दुसऱ्याला कामगार संघटनेचा. पगारवाढीवर वाटाघाट करायची, आणि संप लांबला तर दोघांचंही नुकसान. बोलणी सुरू होण्याआधी खायला चिप्स आणि चटणी दिली. काही जोड्यांना दोघांत मिळून एकच वाडगा, काहींना ज्याचा त्याचा वेगळा. खाणं तेच. ज्यांनी एका वाडग्यातून खाल्लं त्यांच्यात तडजोड लवकर झाली. अभ्यासकांचं स्पष्टीकरण मला पटतं. एकाच वाडग्यातून खाताना आपण किती घ्यायचं, त्याला किती उरलं, त्याचा हात येतोय का, हे सतत पाहावं लागतं. दुसऱ्याकडे लक्ष देण्याची ती सवय बोलण्यातही उतरते. नुसतं शेजारी बसून आपापलं खाल्लं तर तेवढं होत नाही. गिरणगावातल्या वाटाघाटी टेबलाच्या दोन बाजूंना बसून झाल्या आणि जेवणाची ताटं तर कधीच एक नव्हती, हे हा प्रयोग वाचताना सारखं मनात येत होतं.

डब्याचं झाकण नेमकं हेच काम करतं. भेंडीच्या सहा फोडी चौघांत वाटायच्या तर कुणाला भेंडी आवडते, कुणाला आंबट चालत नाही, कुणाचा आज उपवास आहे, हे माहीत असावं लागतं. कचेरीत वर्षानुवर्षं बरोबर काम केलेली माणसं एकमेकांच्या घरी गेलेली नसतात, पण एकीच्या सासूबाईंच्या लसणीच्या चटणीची चव दुसरीला ठाऊक असते. रमजानमध्ये टेबलावरचा एक जण महिनाभर दुपारी नुसता बसायला येतो आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा आणतो. आषाढात तळणीचे पदार्थ, संक्रांतीला गुळाची पोळी, नाताळ झाला की गोव्याकडच्या सहकाऱ्याने आणलेलं दोदोल. कचेरीच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नसलेले सगळे सण या टेबलावर येऊन जातात.

हे टेबल आता आकसत चाललं आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमात लिहिलं गेलं की पाच तासांपेक्षा जास्त काम सलग घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची. अडीचशेहून अधिक कामगार असतील तर उपाहारगृह हवं. आणि आणखी एक कलम असं की जिथे जेवणाची खोली आहे तिथे कामाच्या खोलीत कुणी खाऊ नये. हे कारखान्यांसाठी होतं. पुण्या-मुंबईच्या उंच काचेच्या इमारतींत माणसं आज संगणकासमोरच, एका हाताने माउस हलवत, दुसऱ्या हाताने खातात, आणि दुपारी एकची बैठक लावण्यात कुणाला गैर वाटत नाही. खाणं मागवलेलं असतं, एका माणसापुरत्या डब्यात बंद होऊन आलेलं. त्यात वाटायला असं काही नसतं. ते आणून देणारा मुलगा तर त्या इमारतीत बसूही शकत नाही. त्याच्या कामात जेवणाची सुट्टी म्हणून काही ठरलेलं नाही. दुपारी बारा ते तीन हीच त्याच्या धावपळीची वेळ. अशी मुलं साडेतीन-चारला एखाद्या झाडाखाली गाड्या उभ्या करून, गाडीच्या सीटवर डबा ठेवून, चौघे-पाच जण मिळून खाताना दिसतात. मराठवाड्यातला एक, बिहारमधला एक, सोलापूरचा एक. एकाची कडक भाकरी, दुसऱ्याचा सत्तूचा पराठा. त्यांच्यासाठी अर्ध्या तासाची आणि बसायला एका बाकाची मागणी कुणीतरी लेखी करायला हवी. साडेपाच हजार सह्या तर एका शहरातच मिळतील.

डबा भरणारी बाई या सगळ्या टेबलांपासून दूर असते. घरातले सगळे गेले की तिचं स्वतःचं दुपारचं जेवण उरतं, आणि ते बहुधा सकाळचं उरलेलं, ओट्यापाशी उभ्याने. ती स्वतः नोकरी करत असेल तर तिचाही डबा असतो, सगळ्यांत शेवटी भरलेला. कामावरच्या वाटून खाण्याचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही की वाटायला जे आहे ते पहाटे पाचला उठून कुणीतरी शिजवलेलं आहे, आणि चार पोळ्या जास्त घातल्या त्याही तिनेच, “तुमच्या ऑफिसातला तो एकटा राहतो ना, त्याला” असं म्हणून.

पण तिलाही त्या टेबलावरून काहीतरी परत येतं. रिकाम्या डब्याबरोबर निरोप येतो : “वांग्याची भाजी कुणी केली म्हणून विचारत होते, कृती मागितलीय.” कागदावर कृती लिहून जाते, हल्ली आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. आणि दुसऱ्या दिशेनेही येते. मराठी घरांत आज जो थेपला होतो, राजमा होतो, सांबारात भाज्या पडतात आणि बिरड्याला घाटावरच्या घरातही जागा मिळते, त्यातला मोठा भाग पुस्तकांतून आलेला नाही. तो कुणाच्या तरी कचेरीतल्या टेबलावर गुजराती, पंजाबी, तमिळ, कोकणी सहकाऱ्याच्या झाकणातून चाखलेला आहे, आणि संध्याकाळी घरी येऊन वर्णन करून सांगितलेला. वर्णन अर्धवट असतं. जिरं होतं की ओवा हे खाणाऱ्याला आठवत नाही. म्हणून घरी ती भाजी वेगळीच होते, आणि दोन-तीन वेळा करून झाल्यावर त्याच घराची होऊन जाते. मग ती डब्यात भरून पुन्हा त्याच टेबलावर पोचते, आणि जिच्या घरून ती निघाली होती तीच सहकारी झाकण पुढे करून विचारते, “ही कशी करता हो तुमच्याकडे?”